घरगुती वर्कशॉपसाठी मिडी वुड लेथ निवडताना

मिडी लेथ म्हणजे लाकूड फिरवून कातण्याचे मध्यम आकाराचे यंत्र. ते विकत घेताना बहुतेकांची नजर सर्वप्रथम दोन आकड्यांकडे जाते: जास्तीत जास्त किती व्यासाचे लाकूड फिरेल आणि मोटर किती हॉर्सपॉवरची आहे. हे आकडे महत्त्वाचे आहेतच. पण यंत्रासमोर तासन्‌तास उभे राहून कातकाम करणाऱ्याला रोज जाणवतात त्या गोष्टी वेगळ्या असतात. अगदी कमी वेगाला यंत्र किती जोर देते, त्याचे वजन किती आहे, लाकूड फिरवणारा हेडस्टॉक आणि समोरून आधार देणारा टेलस्टॉक एका रेषेत आहेत का, आणि स्पिंडलचे, म्हणजे हेडस्टॉकमधल्या फिरत्या दांड्याचे, आटे इतके प्रचलित मापाचे आहेत का की त्यावर बसणारा, लाकूड जबड्यांत पकडणारा चक दहा वर्षांनीही मिळेल, यावर ते यंत्र तुम्हाला किती काळ समाधान देईल हे ठरते. निवड त्याच क्रमाने कशी करावी, ते पुढे सविस्तर मांडले आहे.

पहिली पायरी: काय कातायचे ते ठरवणे

पेन, भोवरे, हत्यारांच्या मुठी, बुद्धिबळाच्या सोंगट्या एवढेच काम करायचे असेल तर मिनी लेथ पुरतो आणि तो जागाही कमी घेतो. वाडगे, ताटल्या, झाकणाच्या डब्या, दिव्यांचे खांब अशा मध्यम आकाराच्या वस्तू करायच्या असतील तर मिडी लेथ योग्य ठरतो. टेबलाचे पूर्ण उंचीचे पाय किंवा जिन्याच्या कठड्याचे गज हे मुख्य काम असेल, तर मिडी लेथ घेऊन त्याला पुढे लांबी जोडत बसण्यापेक्षा पहिल्यापासून लांब बेडचा, म्हणजे ज्यावर सगळे भाग बसतात त्या आडव्या पायाचा, लेथ पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिडी लेथचा ‘स्विंग’ साधारणपणे १२ ते १४ इंच असतो, म्हणजे सुमारे ३०० ते ३५० मि.मी. स्विंग म्हणजे स्पिंडलच्या मध्यापासून बेडच्या पृष्ठभागापर्यंतच्या अंतराची दुप्पट. १२ इंची लेथवर हे अंतर ६ इंच असते. मात्र हा आकडा फक्त बेडच्या वर मोजलेला असतो. हत्याराचा टेका म्हणजे टूल रेस्ट ज्या सरकत्या भागावर बसतो त्या बँजोची स्वतःची उंची असते, आणि लांब काम करताना तो बँजो लाकडाच्या खालीच येतो. त्यामुळे बँजोवरून किती व्यास जातो ते दुकानातच पट्टीने मोजावे. तो आकडा स्विंगपेक्षा बराच कमी निघतो. वाडग्याच्या कामात बँजो बाजूला ठेवता येतो, पण तिथेही कच्चे लाकूड अगदी गोल नसते आणि त्याला फिरायला मोकळी जागा लागते. म्हणून १२ इंची लेथवर १० इंचांचा वाडगा हे निर्धास्तपणे करण्याजोगे काम समजावे.

दुसरी पायरी: लांबीचा खरा हिशेब

लाकूड दोन्ही टोकांना धरणाऱ्या टोकदार केंद्रांमधील अंतर मिडी लेथवर बहुधा १६ ते २० इंच असते. केंद्रांमध्ये धरलेल्या कामासाठी ही लांबी जवळजवळ पूर्ण वापरता येते. पण भोक पाडण्याच्या कामात ती कशी संपते ते पाहा. समजा अंतर ४०० मि.मी. आहे. हेडस्टॉकवर चक बसला की सुमारे ८० मि.मी. गेले. टेलस्टॉकमध्ये ड्रिल चक आणि त्यात लांब ड्रिल बिट बसवला की आणखी १८० ते २०० मि.मी. गेले. उरलेल्या सव्वाशे मि.मी.च्या आसपासच्या जागेत लाकूड बसवून टेलस्टॉक मागे-पुढे करायचा असतो. फुलदाण्या, मिरपूड दळण्याच्या उभ्या गिरण्या अशा खोल भोकांच्या वस्तू तुमच्या मनात असतील तर हा हिशेब आधी करावा.

काही लेथना बेडची जोड नंतर विकत घेऊन लावता येते. ही सोय उपयुक्त आहे. मात्र बेडचे जोडाचे टोक नीट मशीन केलेले आहे आणि त्याला बोल्टची भोके पाडलेली आहेत, हे प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

तिसरी पायरी: वेग आणि जोर

निवडीतला सर्वांत जास्त विचार मागणारा भाग हाच आहे. कातकामातला एक जुना ढोबळ नियम असा: लाकडाचा व्यास इंचांत घेऊन त्याला दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले असता उत्तर ६,००० ते ९,००० च्या दरम्यान यावे. त्यानुसार १० इंचांच्या वाडग्याला ६०० ते ९०० फेरे चालतात, तर ३ इंचांच्या गजाला २,००० ते ३,००० फेरे लागतात. पण हा नियम गोल आणि समतोल झालेल्या लाकडासाठी आहे. कुऱ्हाडीने किंवा करवतीने नुकतेच छाटलेले, एका बाजूला जड असलेले लाकूड याच्या निम्म्याहून कमी वेगाने सुरू करावे लागते.

असे का, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. लाकडाच्या एका कडेला, मध्यापासून १२० मि.मी. अंतरावर, फक्त २०० ग्रॅम वजन जास्त आहे असे धरा. ६०० फेऱ्यांना ते वजन स्पिंडलला सुमारे साडेनऊ किलोच्या जोराने बाहेर ओढते, आणि या ओढीची दिशा सेकंदाला दहा वेळा पूर्ण फिरते. वेग निम्मा, म्हणजे ३०० केला की हीच ओढ एकचतुर्थांश होऊन अडीच किलोच्या खाली येते. म्हणून लेथचा सर्वांत कमी वेग किती आहे हा प्रश्न सर्वांत जास्त वेग किती आहे यापेक्षा मोठा आहे. वाडगे करायचे असतील तर किमान वेग २५० फेऱ्यांच्या आसपास असलाच पाहिजे. ५०० च्या खाली न उतरणारा लेथ वाडग्यांसाठी घेऊ नये, मग त्याचा स्विंग कितीही मोठा असो.

वेग बदलण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत पायऱ्यांच्या पुलीवर पट्टा हाताने सरकवावा लागतो आणि पाच किंवा सहा ठरावीक वेग मिळतात. दुसऱ्या पद्धतीत खटका फिरवला की वेग सलग कमी-जास्त होतो. दुसरी पद्धत सोयीची आहे यात वाद नाही, कारण लाकडाची थरथर नेमकी कोणत्या वेगाला थांबते ते तुम्ही काम चालू असतानाच शोधू शकता. पण तिचे एक वास्तव समजून घ्यायला हवे. ७५० वॉटची मोटर ३,००० फेऱ्यांना साधारण २.४ न्यूटन-मीटर एवढा पीळ (टॉर्क) देते. खटक्याने वेग उतरवला म्हणून हा पीळ वाढत नाही. पट्टा एकास एक प्रमाणात ठेवून तुम्ही ५०० फेऱ्यांवर १० इंचांचा वाडगा कातायला घेतलात, तर काठावर हत्याराला मिळणारा जोर जेमतेम दोन किलो असतो, आणि थोडा खोल काप घेताच लाकूड जागच्या जागी थांबते. तोच पट्टा एकास तीनच्या पुलीवर टाकला तर त्याच मोटरमधून जवळजवळ सहा किलोचा जोर मिळतो. घर्षणात जाणारा भाग या आकडेवारीत धरलेला नाही, पण प्रमाण तेच राहते.

यावरून दोन गोष्टी निघतात. खटक्याने वेग बदलणारा लेथ घेताना त्याला पट्ट्याच्या निदान दोन, शक्य तर तीन पायऱ्या आहेत का ते पाहावे, आणि मोठे काम करताना आळस न करता पट्टा खालच्या पायरीवर घ्यावा. पट्टा बदलण्याचे झाकण किती सहज उघडते, मोटर उचलण्याचा दांडा हाताला येतो का, हेही तपासावे. ज्या यंत्राचा पट्टा बदलायला पाना शोधावा लागतो त्याचा पट्टा प्रत्यक्षात कोणी बदलत नाही. मोटरच्या बाबतीत माझा कल १ हॉर्सपॉवर, म्हणजे सुमारे ७५० वॉटकडे आहे. अर्ध्या हॉर्सपॉवरवर पेन आणि मुठी उत्तम होतात, पण वाडग्यासाठी ती मोटर सतत दमते.

चौथी पायरी: स्पिंडलचे आटे आणि टेपर

चक, फेसप्लेट (लाकूड स्क्रूने धरणारी सपाट तबकडी) आणि इतर जोडण्या स्पिंडलच्या आट्यांवर बसतात. मिडी लेथवर दोन मापे सर्रास आढळतात: १ इंच व्यास आणि इंचाला ८ आटे, किंवा ३३ मि.मी. व्यास आणि ३.५ मि.मी. अंतराचे आटे, ज्याला एम ३३ म्हणतात. लहान लेथवर पाऊण इंच आणि इंचाला १६ आटे हे माप असते. पहिल्या दोन्हींपैकी कोणतेही चालेल. ज्याचे चक तुम्हाला सहज मिळतात ते घ्यावे. या तिन्हींत न बसणारे माप असेल तर यंत्र कितीही स्वस्त असले तरी मी ते घेणार नाही. मधे अडॅप्टर लावून काम भागवता येते हे खरे, पण अडॅप्टरमुळे चक बेअरिंगपासून आणखी पुढे जातो, डगमग वाढते, आणि वाडग्याच्या काठावर ती डगमग स्पष्ट दिसते.

स्पिंडलच्या आत आणि टेलस्टॉकच्या दांड्यात निमुळते भोक असते. त्याला मोर्स टेपर म्हणतात. मिडी लेथला दोन्ही बाजूंना क्रमांक २ चा टेपर असावा. क्रमांक १ चा टेपर मोठ्या टोकाला सुमारे १२ मि.मी. तर क्रमांक २ चा जवळजवळ १८ मि.मी. असतो, आणि पकडीतला फरक ड्रिल करताना लगेच जाणवतो. स्पिंडल आरपार पोकळ असावा, म्हणजे अडकलेले केंद्र मागून गज घालून ठोकून काढता येते.

स्पिंडल जागेवर रोखणारी खीळ आणि वर्तुळाचे समान भाग पाडणारी इंडेक्सिंगची सोय बहुतेक मिडी लेथवर मिळते. २४ भाग असतील तर खाचा, पाकळ्या, रांगेतली भोके अशी बहुतेक कामे होतात. उलट दिशेने फिरण्याची सोय सँडिंगला उपयोगी आहे, पण ती असेल तर चकला आट्यांवर घट्ट धरणारा लहान स्क्रू असलाच पाहिजे. नाहीतर उलट फिरताना चक सुटून खाली येतो.

पाचवी पायरी: वजन

बिडाचे यंत्र जड असते आणि तोच त्याचा गुण आहे. हेडस्टॉक, टेलस्टॉक, बेड आणि बँजो हे चारही भाग बिडाचे असावेत. १२ इंची मिडी लेथ सामान्यतः ४० ते ५५ किलोंच्या आसपास भरतो. पत्रा वाकवून केलेला बेड दिसायला ठीक असतो, पण बँजोची पकड घट्ट केली की तो किंचित वाकतो आणि टेलस्टॉकची रेषा बदलते.

लेथ ज्यावर ठेवायचा ते टेबल लेथइतकेच महत्त्वाचे आहे. जाड लाकडी पायांचे, आडव्या पट्ट्यांनी बांधलेले टेबल करावे, खालच्या फळीवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात आणि लेथ आरपार बोल्टने जखडावा. बोल्ट आवळताना बेडखाली कुठे फट राहते का ते पाहून तिथे पातळ पत्र्याची पाचर द्यावी. नुसते आवळून फट बुजवली तर बेडला पीळ बसतो. उंची अशी ठेवावी की तुम्ही सरळ उभे राहून कोपर वाकवल्यावर स्पिंडलचा मध्य कोपराच्या पातळीवर किंवा त्याच्या जरा वर येईल. खाली असेल तर पाठ दुखते, आणि दुखऱ्या पाठीने हत्यारावर ताबा राहत नाही.

सहावी पायरी: हाताने आणि डोळ्याने केलेली परीक्षा

आता यंत्र समोर आहे असे धरू. दोन्ही टेपर आधी कोरड्या कापडाने आतून पुसून घ्या. टेपरमधला एक बारीक कण सगळी परीक्षा खोटी ठरवतो. हेडस्टॉकमध्ये टोकदार केंद्र बसवा, टेलस्टॉकमध्येही टोकदार केंद्र बसवा आणि टेलस्टॉक इतका जवळ आणा की दोन्ही टोकांच्या मधे जेमतेम कागद जाईल. टेलस्टॉक आवळा आणि आधी वरून, मग बाजूने पाहा. टोके समोरासमोर आहेत का?

फरक दिसला तर घाई करू नका. स्पिंडल हाताने अर्धा फेरा फिरवा. फरकाची दिशाही स्पिंडलबरोबर फिरली, तर दोष केंद्रात किंवा टेपरमधल्या घाणीत आहे. फरक त्याच दिशेला राहिला, तर हेडस्टॉक आणि टेलस्टॉकची रेषा जुळलेली नाही. टेलस्टॉकला बेडच्या फटीत थोडी ढिलाई असते. तो आपल्याकडे ओढून आवळा, मग पलीकडे ढकलून आवळा आणि फरक कसा बदलतो ते पाहा. आडवा किरकोळ फरक या ढिलाईतून सावरता येतो. उभा फरक, म्हणजे एक टोक वर आणि एक खाली, हा हेडस्टॉकखाली पत्रे घालूनच जातो, आणि नव्या यंत्रात तो स्वीकारू नये. शेवटी टेलस्टॉकचा दांडा पूर्ण बाहेर काढून हीच परीक्षा पुन्हा करा; आत असताना जुळणारी टोके दांडा बाहेर आल्यावर फाकली, तर दांड्याचे भोकच तिरके पडलेले आहे.

ही रेषा का जपायची, याचेही कारण सांगतो. दोन केंद्रांमध्ये धरलेला गज रेषा किंचित चुकली तरी गोलच कातला जातो, म्हणून अनेकांना हा दोष महिनोन्‌महिने कळत नाही. पण चकमध्ये धरलेल्या लाकडाला टेलस्टॉकचा आधार दिला की ते प्रत्येक फेऱ्याला वाकवले जाते आणि हळूहळू चकच्या जबड्यांत ढिले होते. ड्रिलने पाडलेले भोक बिटापेक्षा मोठे पडते आणि डबीचे झाकण बसत नाही.

त्यानंतर टूल रेस्ट लावून पकड आवळा आणि त्यावर दोन्ही हातांनी भार द्या. तो खचला किंवा फिरला तर पकडीचा नट जुळवून पुन्हा पाहा. जुळवूनही घसरत असेल तर ते यंत्र सोडा. रेस्टच्या कडेवर बोट फिरवा, खाचा लागल्या तर त्या कानशीने घासून काढता येतात. मग यंत्र सर्वांत कमी वेगाला सुरू करून हळूहळू वर न्या. हेडस्टॉकवर एक नाणे उभे करून ठेवा. चांगल्या लेथवर ते मधल्या वेगापर्यंत तरी उभे राहते. बेअरिंगचा आवाज सलग घरघरीचा असावा, मधेच टिकटिक किंवा खरखर नको.

वापरलेला लेथ घेत असाल तर पट्टा सैल करून स्पिंडल नुसत्या बोटांनी फिरवा, म्हणजे मोटरच्या आवाजाखाली दडलेली खरखर हाताला कळते. आटे चेपलेले नाहीत ना, टेपरमध्ये ओरखडे नाहीत ना, पट्ट्याला तडे नाहीत ना, हे पाहा. पट्टा आणि बेअरिंग बदलता येतात. ओरखडलेला टेपर आणि चेपलेले आटे ही मात्र दुरुस्तीची कामे नव्हेत, नकाराची कारणे आहेत.

सातवी पायरी: स्विच आणि वीज

वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. त्यासाठी नो-व्होल्ट प्रकारचा स्विच हवा. बंद करण्याचे बटण अशा जागी असावे की त्यासाठी फिरत्या लाकडाच्या रेषेत हात न्यावा लागणार नाही. चुंबकाने कुठेही चिकटणारी सुटी पेटी असेल तर उत्तमच, ती टेलस्टॉकच्या बाजूला ठेवता येते. मोटरचा व्होल्टेज आणि तुमच्याकडचा पुरवठा जुळतो का ते पाटीवर वाचावे आणि अर्थिंग असलेला प्लग वापरावा. वेगनियंत्रकाच्या पेटीत भुसा शिरत नाही ना, हेही पाहावे, कारण बारीक धूळ तिथेच सर्वांत जास्त नुकसान करते.

आठवी पायरी: यंत्राबाहेरचा खर्च

लेथची किंमत ही पूर्ण किंमत नसते. चार जबड्यांचा स्क्रोल चक, फिरते केंद्र, ड्रिल चक, हत्यारे, धार लावण्याचा ग्राइंडर आणि चेहऱ्याची ढाल यांची बेरीज पाहता पाहता यंत्राच्या किमतीला टेकते. नाकापेक्षा मोती जड वाटला तरी यात काटछाट करायची असेल तर ती हत्यारांच्या संख्येत करावी, ग्राइंडर आणि चकमध्ये नव्हे. सुरुवातीला रफिंग गाउज (गाउज म्हणजे खोबणीच्या पात्याचे हत्यार), स्पिंडल गाउज, बोल गाउज, पार्टिंग टूल, तिरकस धारेची स्क्यू आणि एक गोल स्क्रेपर एवढी हत्यारे पुरतात. रफिंग गाउज केवळ केंद्रांमधल्या गजांसाठी आहे. त्याची मुठीत जाणारी शेपूट बारीक असते आणि वाडग्याच्या लाकडातल्या आडव्या तंतूंत ते अडकले तर तिथून मोडते. ही चूक जिवावर बेतू शकते, म्हणून ती कधीही करू नये.

चेहऱ्याची ढाल आघात सोसणारी घ्यावी, नुसता चष्मा पुरेसा नाही. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली माणसांत कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. म्हणून सँडिंगच्या वेळी चांगला मास्क आणि धूळ ओढणारी व्यवस्था हा चैनीचा खर्च समजू नये. हातमोजे, अंगठ्या, लोंबणाऱ्या बाह्या आणि मोकळे केस लेथजवळ नकोत.

यंत्र घरी आल्यानंतर

बेडवरचे गंजरोधक ग्रीस पुसून काढा आणि त्यावर मेणाचा पातळ थर चोळा, म्हणजे टेलस्टॉक आणि बँजो सहज सरकतात. तेल लावू नका, कारण त्याला भुसा चिकटतो. चक आणि स्पिंडलच्या खांद्यामध्ये प्लास्टिकचा पातळ वॉशर घातला तर चक अडकून बसत नाही. पहिला तुकडा म्हणून दोन इंच जाडीचा, गाठी नसलेला, फूटभर लांबीचा मऊ लाकडाचा गज केंद्रांमध्ये लावा, तो हाताने पूर्ण एक फेरा फिरवून कुठेही लागत नाही याची खात्री करा, आणि यंत्र सुरू करताना स्वतः लाकडाच्या रेषेच्या बाजूला उभे राहा. पहिल्या आठ-दहा तासांच्या कामानंतर टेबलाचे आणि लेथचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या, मग दोन टोकांची परीक्षा परत करा. टेबलाचे लाकूड बोल्टखाली थोडे दबलेले असते, आणि पहिल्या दिवशी जुळलेली टोके तेव्हा केसभर सरकलेली आढळली तर पत्र्याची पाचर बदलण्याची हीच वेळ असते.